शौर्य रक्तात असतं, तर १९२१ मध्ये ते कुठं गेलं?

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या नियमांत पात्राचा वंश निवडला की गुणही ठरत. एल्फला चपळाईत दोन जास्त, हाफ-ऑर्कला ताकदीत दोन. २०२० मध्ये हे गुण हवे तिथे वळवायची मुभा आली. २०२४ मध्ये ते वंशापासून तोडून पात्राच्या पूर्वायुष्याला, म्हणजे ते काय शिकलं, कोणतं काम केलं, याला जोडले गेले. त्यावर ओरड चालू आहे: मजा गेली, ऑर्क काय खरे असतात का?

नसतात. पण हा जुना नियम आम्हा रायगडकरांच्या चांगल्या ओळखीचा आहे.

महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली फौजेतून निवृत्त झाले. पुढच्या काही वर्षांतच इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. आधार कसला? 'लढवय्या जमातीं'चा सिद्धांत. अमुक जात जन्मानं शूर, तमुक नाही! पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत घालवलेल्यांची चाकरी सरकारच्याच दप्तरात नोंदलेली होती, तरीही. १८९४ साली गोपाळबाबांनी याविरुद्ध विनंतीपत्र लिहिलं.

मग महायुद्ध आलं, माणसं कमी पडली. १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली, आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. आता सांगा, चोवीस वर्षांत रक्तातलं शौर्य आलं, गेलं आणि परत आलं? गुण रक्तात नव्हतेच. ते वाटणाऱ्याच्या हातात होते.

कुणाला अंधारात दिसतं, कुणाला पंख आहेत, अशा फरकांवर आमचा आक्षेप नाही. बुद्धी आणि कर्तृत्व जन्मावर मोजण्यावर आहे.

आणि हे आपल्यालाही लागू आहे, मित्रांनो. १ जानेवारीला 'शौर्य आमच्या रक्तातच' असे स्टेटस आपलीच पोरं ठेवतात. गोपाळबाबांनीही आपण मूळचे क्षत्रिय असल्याचा दावा केला होता. त्या काळी इंग्रजाला तीच भाषा कळायची. आपल्या हाती मात्र १९३६ चं 'जातिनिर्मूलन' आहे. जात म्हणजे वंश, हा दावाच बाबासाहेबांनी त्यात खोडून काढला. कोरेगावचे सैनिक लढले ते शिकून, कवायत करून. त्याचं श्रेय रक्ताला देणं म्हणजे त्यांची मेहनत पुसणं.

पुढच्या वेळी खेळ मांडाल तेव्हा नवा नियम घ्या. कुणी जुन्यासाठी अडून बसला, तर आधी त्याला १९१७ आणि १९२१ चा हिशोब मांडायला सांगा.