लंब म्हणे बोजड!

"कर्ण, लंब कसले बोजड शब्द! हायपोटेन्यूस, परपेंडिक्युलर सोपं," असं आपल्यातलेच लोक म्हणतात. सोपं कसं बुवा? अलिबाग-रेवदंड्याकडे घर बांधणाऱ्या गवंड्याच्या हातातला ओळंबा बघा, 'लंब' त्यातच आहे. कोपरा गुण्यात आहे का, हे तो ३, ४ आणि ५ फुटांवर दोरी ताणून बघतो: ९ + १६ = २५. ती ५ फुटांची तिरकी दोरी म्हणजे कर्ण. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (११५०) हाच शब्द वापरलाय. सेमी-इंग्लिशमधली पोरं मात्र स्पेलिंग घोकत बसतात, आणि घरच्या कौलारू छपराखालचा काटकोन त्रिकोण त्यांना दिसतच नाही. इंग्रजी शब्द जरूर शिकवा हो, पण आधी त्रिकोण तर दिसू द्या!