भूत पंधरा हजार डॉलरचे

भुताचा चित्रपट म्हटला की आपल्यातल्या पुष्कळांच्या डोळ्यांसमोर रामसे बंधूंचे चित्रपट उभे राहतात. ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८) आणि पुढे १९९३ पासून दूरचित्रवाणीवर ‘झी हॉरर शो’. पडकी हवेली, करकरणारे दार, धुराचे लोट आणि चेहऱ्यावर रबराचा मुखवटा चढवलेला राक्षस. हे चित्रपटही थोड्याच पैशांत बनत. पण भूत दाखवायचे तर हवेली हवी आणि मुखवटा हवा, हे त्यात धरलेलेच असे.

आज ज्या चित्रपटाविषयी लिहायचे आहे त्यात यातले काहीच नाही. हवेली नाही, स्मशान नाही, मुखवटा नाही. आहे ते एक साधे घर, एक झोपायची खोली आणि एक कॅमेरा. चित्रपटाचे नाव ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’. तो अमेरिकेतला आहे. पण त्यातून जे कळते ते आपल्या दहा बाय दहाच्या खोलीतही उपयोगी पडणारे आहे.

हा चित्रपट बनवणारे ओरेन पेली हे मूळचे इस्रायलचे. व्यवसायाने ते संगणकावरील खेळांचे प्रोग्रॅमर. चित्रपटाचे शिक्षण त्यांनी कुठे घेतलेले नव्हते. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो शहरात नव्या घरात राहायला गेल्यावर रात्री त्यांना घरात निरनिराळे आवाज ऐकू येऊ लागले. रात्रभर कॅमेरा लावून ठेवला तर काय दिसेल, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यातूनच चित्रपट सुचला. २००६ मध्ये त्यांनी आपल्या याच घरात साधारण सात दिवसांत चित्रीकरण उरकले. लिहून दिलेले संवाद नव्हते. प्रसंग सांगायचा आणि कलावंतांनी आपल्या शब्दांत बोलायचे. मुख्य कलावंत दोनच, केटी फेदरस्टन आणि मायका स्लोट. पात्रांची नावेही त्यांचीच, केटी आणि मायका. खर्च सुमारे पंधरा हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने पावणेसात लाख रुपयांच्या आसपास. २००७ मध्ये एका भयपट महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला. पुढे मोठ्या कंपनीने तो घेतला. त्यांचा विचार होता की हीच कथा भरपूर खर्च करून नव्याने काढावी. पण प्रेक्षकांसमोर मूळ चित्रपट लावून पाहिला आणि तो तसाच ठेवायचे ठरले. शेवट तेवढा बदलला. २००९ मध्ये तो सर्वत्र लागला आणि जगभरात त्याने एकोणीस कोटी डॉलरहून अधिक धंदा केला.

कथा थोडक्यात अशी. केटी आणि मायका हे तरुण जोडपे एका घरात राहते. केटीला आठव्या वर्षापासून वाटत आले आहे की काहीतरी आपल्या मागावर आहे. आता पुन्हा रात्री आवाज येऊ लागले आहेत. मायका एक महागडा कॅमेरा आणतो आणि रात्री पलंगासमोर तिकाटण्यावर लावून ठेवतो. सकाळी दोघे बसून रात्रीचे चित्रण पाहतात. पहिल्यांदा दार किंचित हलते. मग जिन्यावर पावले वाजतात. मायका जमिनीवर पावडर पसरून ठेवतो, तर त्यात माणसाचे नसलेले पाऊल उमटते. एका रात्री केटी झोपेतून उठते आणि पलंगाशेजारी मायकाकडे बघत तासनतास नुसती उभी राहते. घर आणि अंगण सोडून कॅमेरा कुठेही जात नाही. शेवट येथे सांगत नाही; चांगला होत नाही एवढे पुरे.

आता भीती कशी बनते ते पाहू. हालणाऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रपटात कुठे बघायचे ते दिग्दर्शक सांगतो. येथे रात्रीच्या प्रसंगांत कॅमेरा बहुतेक वेळ जागचा हलत नाही. डावीकडे उघडे दार, त्यापलीकडे अंधारा बोळ, उजवीकडे पलंगावर झोपलेली दोन माणसे, आणि कोपऱ्यात रात्रीच्या वेळेचे आकडे. काहीच घडत नसते. पण काहीतरी घडणार हे माहीत असल्याने प्रेक्षक स्वतःच दार, बोळ, चादर, सावली असे सगळे तपासत बसतो. मधेच वेळेचे आकडे भराभर पळतात आणि एका ठिकाणी थांबतात. थांबले की काळजात धस्स होते. त्याआधी एक खोल, घुमणारा आवाज सुरू झालेला असतो. तो कानाला नीट कळतही नाही, पण अंग आखडते. बाकीचे काम प्रेक्षकाचे मन करते. दार चार बोटे सरकले तर एरवी कोणी वळूनही पाहणार नाही. येथे सारे थिएटर किंचाळते. म्हणजे पंधरा हजार डॉलरमध्ये पेली यांनी भूत बनवले नाही. त्यांनी फक्त जागा रिकामी ठेवली, आणि प्रेक्षकाने घरून आणलेले भूत तिथे बसवले.

आणखी एक युक्ती आहे आणि ती नीट समजून घ्यावी. चित्रपटाच्या सुरुवातीला नेहमीची नामावली येत नाही. केटी आणि मायका यांच्या कुटुंबीयांचे आणि सॅन दिएगो पोलिसांचे आभार मानणारा मजकूर येतो, जणू हे खरेच सापडलेले चित्रण आहे. ते खरे नाही. दोघेही कलावंत आहेत आणि चित्रपटानंतरही त्यांनी मुलाखती दिल्या. पण ‘खरे चित्रण’ हे दोन शब्द डोक्यात शिरले की पाहणाऱ्याची शंका घेण्याची सवय झोपी जाते.

आज हीच युक्ती आपल्या मोबाईलवर रोज खेळली जाते. ‘सीसीटीव्हीत दिसलेले भूत’, ‘इस्पितळात रात्री आपोआप चालणारी खुर्ची’ असली चित्रणे व्हॉट्सअ‍ॅपवरून घरोघर पोचतात. कॅमेरा स्थिर, कोपऱ्यात वेळेचे आकडे, चित्र धूसर. तोच साचा. चित्रपटाला निदान तिकीट तरी असते आणि तो चित्रपट आहे हे सगळ्यांना माहीत असते. या चित्रणांना ना नाव ना गाव, आणि पाहणारे पोर शाळेत जाणारे.

मग घरात येणारे आवाज खोटे असतात का? नाही. आवाज खरे असतात; त्यांची कारणे वेगळी असतात. दिवसभर तापलेला पत्रा रात्री थंड होताना आकसतो आणि टकटक वाजतो. लाकडी दार पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटते. नळाच्या पाइपात हवा अडकली की ठोके पडतात. माळ्यावर घुशी आणि उंदीर असतात. हे आवाज दिवसाही होतात, पण दिवसा वस्ती गजबजलेली असते. रात्री सारे शांत झाल्यावर तेच आवाज मोठे वाटतात.

काहींना याहून भयंकर अनुभव येतो. झोपेतून जाग आली आहे, डोळे उघडे आहेत, पण हातपाय हलत नाहीत, तोंडातून शब्द फुटत नाही आणि छातीवर कोणीतरी बसले आहे असे वाटते. खोलीत कोणी उभे असल्याचाही भास होतो. गावाकडे याला भुताने दाबले म्हणतात. डॉक्टर याला ‘स्लीप पॅरालिसिस’ म्हणतात. आपण स्वप्न पाहतो तेव्हा मेंदू हातापायांचे स्नायू सैल करून ठेवतो, नाहीतर माणूस स्वप्नाबरोबर धावू लागेल. कधी कधी मन आधी जागे होते आणि शरीर मागे राहते. काही सेकंद किंवा मिनिटभर, कधी थोडे अधिक वेळ, हा गोंधळ टिकतो आणि आपोआप सुटतो. झोप अपुरी असली, वेळ सारखी बदलत असली, मनावर ताण असला की हे होण्याचा संभव वाढतो. रात्रपाळी करणारे कामगार, रुग्णालयातल्या आया आणि वॉचमन यांनी हे ध्यानात ठेवावे. त्यांच्यामागे भूत नाही, झोपेची थकबाकी आहे.

बाबासाहेबांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अलौकिकावरचा विश्वास म्हणजे धम्म नव्हे, असे स्पष्ट सांगितले आहे. काही घडले की माणूस कारण विचारतो. कारण हाती लागले नाही की तो दैवी शक्तीचे नाव घेतो, आणि नाव घेतले की चौकशी थांबते. खरे नुकसान होते ते तिथे.

या चित्रपटातही तेच होते, आणि माझ्या मते हाच त्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. केटी घाबरलेली आहे. तिची झोप उडाली आहे. ती मायकाला सांगते, कॅमेरा बंद कर. तो करत नाही. आत्म्यांशी बोलायचा फळा, ज्याला तिकडे ‘विजा बोर्ड’ म्हणतात, तो घरात आणू नकोस म्हणून ती बजावते. तो आणतोच. घर माझे, बाई माझी, तेव्हा प्रश्नही मीच सोडवणार, असा त्याचा खाक्या. तिचे दुःख त्याला चित्रणाचा विषय वाटते. मदतीला बोलावले जाते ते एका अतींद्रिय शक्तीवाल्याला. तो म्हणतो, हे भूत नाही, सैतान आहे, माझ्या आवाक्यातले नाही. आणि दुसऱ्या तशाच माणसाचे नाव देऊन जातो. झोपेत उठून तासनतास उभ्या राहणाऱ्या मुलीला डॉक्टरकडे न्यावे, हे या घरात कोणालाच सुचत नाही. चित्रपटात खरेच सैतान असतो म्हणून तिथे ते खपून जाते. आपल्या घरात सैतान नसतो.

आपल्या घरात काय असते? नवी सून गप्प गप्प राहू लागते. जेवत नाही, रात्री दचकून उठते, कधी ओरडते. बाळंतपणानंतर एखादी बाई बाळाकडे बघतही नाही. एखादीला फिट येते. लगेच कोणीतरी म्हणते, हिला बाहेरचे आहे, अंगात काहीतरी आहे. तिला विचारत कोणीच नाही. मग देवरुषी, मग भगत, मग अमावास्या-पौर्णिमेच्या वाऱ्या. पैसे जातात, दिवस जातात, आणि आजार अंगात मुरतो. धम्म स्वीकारलेल्या घरातही म्हाताऱ्यांच्या आग्रहाखातर किंवा शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून चोरून लिंबू उतरवले जाते, हे आपण सारे जाणतो. त्यावर नुसते रागावून उपयोग नाही. आजारी माणसाचे घर हतबल झालेले असते, आणि हतबल माणसाला जो आधी भेटतो त्याचे तो ऐकतो. म्हणून आधी भेटणारे आपण असले पाहिजे.

यासाठी कायद्याचे बळही आहे. अंधश्रद्धेविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर लगेच अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने किंवा साखळीने बांधणे, काठीने किंवा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, छताला टांगणे हा या कायद्याने गुन्हा आहे. भुताची भीती घालून आजाऱ्याला औषधोपचारापासून अडवणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड. तक्रार पोलीस ठाण्यात द्यावी. जिल्हा रुग्णालयांत आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराचा विभाग असतो. त्या दारात जाण्यात कमीपणा नाही. हाड मोडले तर आपण डॉक्टरकडे जातो. मन थकले तर तिथे जावे.

राहता राहिला प्रश्न, हे चित्रपट पाहावेत की नाही? मोठ्यांनी जरूर पाहावेत. भीतीची मजा घेणे हा काही गुन्हा नाही. पाळण्यात बसून पोटात गोळा येतो, तशीच ही मजा. लहान मुलांना मात्र हा चित्रपट दाखवू नये. अमेरिकेतही सतरा वर्षांखालच्या मुलाला मोठ्या माणसाबरोबरच आत सोडत होते. तरीही मोबाईलवर मुलांनी असे काही पाहिलेच आणि रात्री मोरीपर्यंत जायला ती घाबरू लागली, तर त्यांना हसू नका आणि ‘भूत येईल’ म्हणून जेवायला बसवू नका. रविवारी दुपारी त्यांना जवळ घ्या. मोबाईल एका डब्याला टेकवून स्थिर ठेवा. दाराच्या कडीला काळा दोरा बांधा, दुसऱ्या टोकाला एका मुलाला लपवा, आणि दार हळूच ओढायला सांगा. मग ते चित्रण सगळ्यांनी मिळून पाहा. दोरा दिसत नाही, दार मात्र आपोआप उघडते. मुले आधी गप्प होतील, मग हसत सुटतील, आणि आणखी कशी भुते बनवता येतील ते तुम्हाला सांगू लागतील.

पुढच्या वेळी कोणी ‘खरे चित्रण’ म्हणून काही पाठवले, तर ती सर्वांत आधी दोरा शोधतील.