प्राण्यांची आवड आहे, एवढ्यावर पेट सिटिंगचा धंदा सुरू करू नका



कमी भांडवलात घरबसल्या काय करता येईल, या विषयावर बोलताना मी पेट सिटिंगचं नाव घेतलं आणि सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले. जवळजवळ प्रत्येक प्रश्नाची सुरुवात सारखीच होती, "सर, मला प्राण्यांची खूप आवड आहे..."

म्हणून आज माझं मत स्पष्ट सांगतो. आवड पाहिजेच. ती नसेल तर दुसऱ्याच दिवशी मांजराचा लिटर ट्रे साफ करताना तुम्ही पळून जाल. पण गिऱ्हाईक तुमच्या आवडीचे पैसे देत नाही. ते जबाबदारीचे पैसे देतं. हा फरक ज्याला कळत नाही, तो कमी भाव लावतो, सगळ्यांना हो म्हणतो, काही लिहून घेत नाही, आणि एक दिवस दुसऱ्याच्या मुक्या जिवाचं नुकसान करून बसतो.

धंदा नेमका काय आहे?

मालक गावाला जातो, तेव्हा त्याच्या घरी जाऊन त्याच्या प्राण्याची काळजी घेणं म्हणजे पेट सिटिंग. यात दोन प्रकार आहेत. एक, दिवसातून दोन-तीन फेऱ्या मारायच्या: खाणं, पाणी, फिरवणं, स्वच्छता, थोडा वेळ सोबत. दुसरा, रात्रीचा मुक्काम. बोर्डिंग, म्हणजे प्राणी आपल्याकडे आणून ठेवणं, हा वेगळा धंदा आहे. त्याला जागा लागते, शेजाऱ्यांची संमती लागते, आणि एका कुत्र्याचा आजार दुसऱ्याला लागायची भीती असते.

मांजर माणसाइतकंच जागेलाही धरून असतं. म्हाताऱ्या कुत्र्याला नवी जागा झेपत नाही. अशा प्राण्यांसाठी घरीच काळजी घेणारा माणूस ही खरी गरज आहे, लाड नव्हेत.

गिऱ्हाईक काय विकत घेतं?

गणपतीला कोकणात निघालेलं एखादं कुटुंब डोळ्यासमोर आणा. गाडी कणकवलीला पोचते आणि वहिनींच्या मनात येतं, "मोत्याने खाल्लं असेल ना?" त्याच क्षणी फोनवर व्हिडिओ येतो: वाटी रिकामी, मोती शेपूट हलवतोय, मागे घड्याळात साडेआठ. त्या वहिनींनी पैसे मोजले ते या व्हिडिओसाठी. खाणं कोणीही घातलं असतं. मनावरचा भार तुम्ही उतरवला.

शिवाय त्यांनी तुमच्या हातात घराची चावी दिली आहे. कपाट तिथेच, दागिने तिथेच. म्हणजे हा धंदा मुळात विश्वासाचा आहे, प्राणी त्यानंतर येतो.

अमेरिकेत रोव्हर नावाची कंपनी २०११ साली सुरू झाली. कुत्रा सांभाळणारी माणसं आणि मालक यांची गाठ घालून देणं, हे तिचं काम. ब्लॅकस्टोन या बड्या गुंतवणूक कंपनीने ती सुमारे २३० कोटी डॉलरला घ्यायचं २०२३ मध्ये जाहीर केलं आणि २०२४ मध्ये घेतली. हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. त्यातून एवढंच शिका की त्या कंपनीकडे स्वतःची कुत्रीही नाहीत आणि पिंजरेही नाहीत. अनोळखी माणसाला घरात घेण्याइतका भरवसा, हाच तिचा माल आहे.

"पण शेजारी तर फुकट बघतात!"

हो, बघतात. सोसायटीचा वॉचमन बघतो, कामवाल्या मावशी बघतात. ती माणसं चांगलीच आहेत, त्यांना नावं ठेवून धंदा करू नका. पण शेजारी एक दिवस विसरले तर त्यांना जाब विचारता येतो का? नाही. उलट आपणच म्हणतो, "असू दे हो काका, एवढं केलंत तेच खूप."

तुम्हाला मात्र जाब विचारता येतो. तो हक्क गिऱ्हाईक विकत घेतं. म्हणून शेजाऱ्याशी भावात स्पर्धा करायला गेलात तर हरलात. फुकटापेक्षा स्वस्त काही नसतं!

आता गणित मांडूया

समजा, एका फेरीचे तुम्ही १५० रुपये लावले. दिवसाला दोन फेऱ्या म्हणजे ३०० रुपये. घर लांब आहे, जायला २० मिनिटं, यायला २० मिनिटं, आणि तिथे ४५ मिनिटं. दोन फेऱ्यांचा वेळ झाला १७० मिनिटं. पेट्रोलचे ६० रुपये वजा करा, हातात राहिले २४०. म्हणजे तासाला साधारण ८५ रुपये.

आता भाव तोच ठेवा, फक्त गिऱ्हाईक जवळचं घ्या. जायला १० मिनिटं, यायला १० मिनिटं, पेट्रोल ३० रुपये. वेळ १३० मिनिटं, हातात २७० रुपये. तासाला जवळपास १२५. एक रुपया न वाढवता कमाई दीडपटीच्या आसपास गेली.

आणि फेरीचा भाव ३५० केलात तर? त्याच १३० मिनिटांत ६७० रुपये, म्हणजे तासाला ३०० च्या थोडं वर.

हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, तुमच्या भागातला भाव तुम्हीच काढा. मुद्दा असा, की आधी अंतर कमी करा, मग भाव ठरवा. तुमची सोसायटी आणि आजूबाजूच्या चार सोसायट्या, एवढीच तुमची बाजारपेठ.

अजून एक कटू गोष्ट. मागणी वर्षभर सारखी नसते. गणपती, दिवाळी, नाताळची सुट्टी आणि मे महिना, बाकी वेळ शांत. आणि नेमक्या गर्दीत एकटा माणूस दिवसाला तीन घरांपेक्षा जास्त नीट बघू शकत नाही. म्हणून नोकरी सोडून यात उडी मारू नका. आधी जोडधंदा म्हणून करा. ऑफिसला जाणाऱ्यांची कुत्री रोज फिरवायचं काम मिळालं, की महिन्याचा पक्का पैसा सुरू होतो.

आपल्या माणसांत कसले कागद?

आपल्याकडे लिहून मागितलं की समोरच्याला वाटतं अविश्वास दाखवला. माझं मत उलटं आहे. कागद मागणारा पेट सिटर बघून शहाणं गिऱ्हाईक निर्धास्त होतं. पहिल्या भेटीत, मालक घरी असतानाच, या गोष्टी लिहून घ्या:

१. खाण्याच्या वेळा, प्रमाण, औषधं, आणि लसीकरणाच्या पुस्तिकेचा फोटो.
२. नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर, आणि रात्री कुठे न्यायचं ते.
३. मालकाचा फोन लागला नाही, तर किती रुपयांपर्यंतच्या उपचाराला तुम्ही हो म्हणू शकता.
४. चाव्या किती दिल्या, कोणाला दिल्या, परत कधी द्यायच्या.
५. तुम्ही आजारी पडलात तर कोण येणार. हा दुसरा माणूस प्राण्याला आधीच भेटलेला पाहिजे.

यातला तिसरा आणि पाचवा मुद्दा सगळे विसरतात, आणि अडचण तिथेच येते.

हा नुसता व्यवहाराचा प्रश्न नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या कलम ३ नुसार प्राणी ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे, त्याचं कर्तव्य आहे की प्राण्याचं हित बघायचं आणि त्याला विनाकारण त्रास होऊ द्यायचा नाही. "मी काय मालक नाही" हे उत्तर तिथे चालत नाही.

प्रेम असून चालत नाही, माहिती लागते

मांजर दोन दिवस जेवलं नाही तर "मालकाची आठवण येत असेल" म्हणून थांबायचं नसतं, उपाशी मांजराचं यकृत बिघडू शकतं. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतोय आणि लघवी होत नाही, तर उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच वेळी डॉक्टर गाठायचे. जीव जाऊ शकतो. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा हे कुत्र्याला घातक. आपली साधी तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

सगळ्यात मोठा धोका कुठे आहे माहितेय? दारात! घाबरलेलं कुत्रं उघड्या दारातून क्षणात निसटतं. पट्टा लावल्याशिवाय दार उघडायचं नाही, हा नियम. वरच्या मजल्यावरच्या मांजराचं घर असेल तर बाल्कनीला जाळी आहे का, हे पहिल्या भेटीतच बघा.

दिवाळीत फेरी अंधार पडायच्या आत उरका, खिडक्या बंद ठेवा. फटाक्यांना फार घाबरणारं कुत्रं असेल तर मुक्कामाचंच काम घ्या, नाहीतर घेऊच नका.

आणि स्वतःचं बघा. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक लस घ्या. तरीही कुत्रं किंवा मांजर चावलं, ओरखडलं, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

"नाही" म्हणणारा टिकतो

लसीकरण नाही? नाही म्हणा. पहिली भेट नको, थेट चावी वॉचमनकडे ठेवतो? नाही म्हणा. दिवाळीत चौथं घर? नम्रपणे नाही म्हणा, आणि दुसऱ्या चांगल्या माणसाचं नाव सुचवा.

सुरुवातीला गिऱ्हाईक सोडायला जिवावर येतं, मला कळतं. पण या धंद्यात जाहिरात चालत नाही, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचं एक वाक्य चालतं. "त्यांच्याकडे सोपवा, काळजी नको," हे वाक्य मिळवायला वर्ष लागतं. आणि एक कुत्रं हरवलं की एका संध्याकाळीत ते पुसलं जातं.

या आठवड्यात एवढंच करा. व्हिजिटिंग कार्ड छापू नका, इन्स्टाग्रामचं पेज काढू नका. वरच्या पाच मुद्द्यांचा एक पानाचा फॉर्म मराठीत तयार करा आणि ज्यांच्या घरी कुत्रं किंवा मांजर आहे अशा तीन ओळखीच्यांना दाखवा. त्यांना फक्त विचारा, "हा फॉर्म भरून घेणाऱ्या माणसाला तुम्ही घराची चावी द्याल का?"

तिघांनी काय उत्तर दिलं, ते मला कमेंटमध्ये नक्की कळवा.