बांधावरची निलगिरी आणि भाजीचा वाफा

भिवंडी तालुक्यातील एका भगिनीने लिहिले आहे, "मामंजींनी बांधावर निलगिरी लावली. आता तिच्या कडेच्या वाफ्यात मेथी विरळ उगवते, मिरची खुरटते. भाऊजी म्हणतात झाडे तोडा. मामंजी म्हणतात, माझ्या हातची झाडे आहेत. दोघांचे बोलणे बंद आहे आणि बाजारचे चार पैसे माझे बुडताहेत."

ताई, आधी कुऱ्हाड खाली ठेवायला सांगा. दोष झाडाचा असेलही, पण नेमका कशाचा ते पाहू.

झाड शेजारच्या पिकाला तीन वाटांनी त्रास देते. पहिली सावली. आपल्याकडे भात निघाल्यावर वाल आणि भाजी घेतात. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कलतो, म्हणून सावली उत्तरेला लांब पडते. बांध वाफ्याच्या दक्षिणेला असेल तर मिरचीला पुरते ऊन मिळत नाही. दुसरी वाट मुळांची. पावसाळ्यात पाण्याला तोटा नसतो. पाऊस सरला की निलगिरीची वरवरची मुळे वाफ्यातले पाणी आणि खत ओढू लागतात. तिसरी वाट पाल्याची. निलगिरीच्या पानांत उग्र तेल आणि इतर द्रव्ये असतात. ताजा पाला मातीत मिसळला की बी उगवायला अडते, कोवळी मुळे आखडतात. अमेरिकेतल्या काळ्या अक्रोडाची अशीच ख्याती आहे. त्याच्या मुळांतल्या व पाल्यातल्या जुग्लोन नावाच्या द्रव्याने जवळचा टोमॅटो सुकून जातो.

आता घरचीच परीक्षा करा. तीन जुने डबे घ्या, बुडाला भोके पाडा. पहिल्यात झाडापासून लांबची माती भरा. दुसऱ्यात झाडाखालची माती. तिसऱ्यात लांबचीच माती, पण मूठभर ताजा पाला बारीक करून मिसळलेली. प्रत्येकात मुळ्याचे २० दाणे टाका, सारखे पाणी द्या आणि एकाच उन्हात ठेवा. आठवड्याने रोपे मोजा. पहिल्या दोन डब्यांत सारखी उगवण झाली, तर माती बिघडलेली नाही. दोष सावलीचा आणि मुळांचा. दुसऱ्या डब्यातही रोपे कमी दिसली, तर पाल्याचा अंश मातीत उतरला आहे असे समजा.

मुळांसाठी पाऊस संपल्यावर झाडांपासून ५-६ फुटांवर, वाफ्याच्या बाजूने, ३ फूट खोल चर खणा. चारी बाजूंनी मुळे तोडू नका, वाऱ्याने झाड कोसळेल. मुळे पुन्हा येतात, म्हणून चर दरवर्षी साफ करावा लागतो. सावलीसाठी खालच्या फांद्या छाटा. पाला वाफ्यात पडू देऊ नका. झाडून एका खड्ड्यात शेणाबरोबर थर देऊन कुजवा. चांगला काळा पडून वास गेला की तेच खत वापरता येते. रोपांची गादी मात्र झाडांपासून लांबच करा.

बांधावर आंबा किंवा फणस असेल तर प्रश्न मुख्यतः सावलीचा. तिथे हळद, अळू, सुरण घ्या. विरळ सावली त्यांना चालते. निलगिरीजवळ ही पिके घेऊ नका, तिथे ओल टिकत नाही.

एक सूचना. साग, ऐन, आंबा, चिंच, फणस अशी झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगीवाचून तोडता येत नाहीत. निलगिरी त्या यादीत नाही. तरीही तोडण्याआधी तलाठ्यांकडे किंवा वनखात्याकडे विचारून घ्यावे.

ताई, डबे ओटीवर सर्वांना दिसतील असे ठेवा, आणि रोपे मोजायला मामंजी व भाऊजी दोघांनाही बसवा. तोडायचे की राखायचे ते मग ठरवा. एखाद-दोन झाडे काढावी लागली, तरी निदान मामंजींना कारण पटलेले असेल.