अंडं उजेडावर धरून बघा

चाकण, म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी या भागात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत शेतांच्या जागी कारखाने आले. जमिनीचे पैसेही आले, पण सातबाऱ्यावर ज्यांची नावं होती त्यांच्या हातात. सातबाऱ्यावर बाईचं नाव किती घरांत होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. बैल गेले, गोठे रिकामे झाले, काहींनी तिथे भाड्याच्या खोल्या काढल्या. परसातल्या चार-सहा कोंबड्या तेवढ्या उरल्या. आणि कोंबडीचा पैसा पूर्वीपासून बाईचाच. मुलीची कंपासपेटी, माहेरी जायचं एसटीचं तिकीट, दुखण्याखुपण्याला बाजूला ठेवलेल्या दोन नोटा, या पैशाचा हिशेब कुणी मागत नाही.

म्हणूनच आता बचत गटांत घरगुती उबवणी यंत्राचा विषय निघतो, तेव्हा तो नीट समजून घ्यायला हवा. पुणे तर अंड्यांच्या धंद्याचं मोठं ठिकाण. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली सुरू केलेला वेंकटेश्वरा हॅचरीजचा व्याप पुण्यातूनच वाढला. तिथे एका वेळी हजारो अंडी उबतात. आपल्याला बारा अंड्यांपासून सुरुवात करायची आहे. यंत्र विकणारा मात्र पहिल्याच दिवशी शंभर-दोनशे अंड्यांचं यंत्र गळ्यात मारायला बघतो. तेव्हा मैत्रिणींनो, पैसे मोजण्याआधी एक गोष्ट शिकून घ्या: अंड्याच्या आत काय चाललंय ते बघायला.

पूर्वी खुडूक कोंबडी टोपलीत बसवली की आपलं काम संपायचं. ऊब द्यायची, अंडी फिरवायची, सगळं तीच करायची. यंत्रात तिची कामं आपल्याला करावी लागतात. अंडी एकवीस दिवसांत फुटतात. पंखा असलेल्या यंत्रात ऊब साधारण ३७.५ अंश सेल्सिअस हवी. बिनपंख्याच्या खोक्यात थर्मामीटर अंड्यांच्या वरच्या टोकाशी ठेवून एखादा अंश जास्त. यंत्रावरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, घरातल्या तापाच्या थर्मामीटरशी एकदा ताडून बघा. खोक्यात पाण्याची वाटी हवी. ओलावा पहिले अठरा दिवस पन्नास-पंचावन्न टक्के आणि शेवटचे तीन दिवस पासष्ट-सत्तर टक्के. अंडी दिवसातून किमान तीन वेळा फिरवायची. कंपनीत जाणाऱ्या बाईलाही ते जमतं: निघताना, परत आल्यावर आणि झोपताना. अठराव्या दिवसानंतर फिरवणं बंद.

दुकानातली अंडी मात्र ठेवू नका. ती कोंबड्याशिवाय वाढवलेल्या कोंबड्यांची असतात, त्यांतून पिल्लू कधीच निघत नाही. ज्या घरी आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणाबांड कोंबडा आहे, तिथली अंडी आणा. आठवड्याच्या आतली, न धुतलेली, फ्रिजमध्ये न ठेवलेली, तडा न गेलेली. चाळीत किंवा सोसायटीत राहणाऱ्यांनी आधीच विचार करावा. पिल्लं निघतील खोलीत, पण पहाटे आरवणारा कोंबडा शेजारी खपवून घेणार नाहीत.

आता मुख्य काम. सातव्या दिवशी रात्री दिवा मालवा. पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडून ते मोबाइलच्या टॉर्चवर धरा आणि अंड्याची रुंद बाजू त्या भोकावर टेकवा. आत एक गडद ठिपका आणि त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या, तर जीव धरलाय. कधी कधी तो ठिपका हलतानाही दिसतो. सगळं अंडं स्वच्छ उजळलं आणि आत नुसती बलकाची सावली दिसली, तर ते फळलेलंच नाही. शिरा नाहीत पण रक्ताचं एक कडं दिसतंय, तर जीव धरून मेलाय. गावरान कोंबडीच्या तपकिरी टरफलातून नीट दिसत नाही, म्हणून घाई करू नका. शंका आली तर पेन्सिलने खूण करा आणि तीन दिवसांनी पुन्हा बघा. चांगलं अंडं उकिरड्यावर जाण्यापेक्षा तीन दिवस थांबलेलं बरं. वास येणारं किंवा पाझरणारं अंडं मात्र लगेच काढा, ते फुटलं तर बाकीची नासवतं. चौदाव्या दिवशी पुन्हा बघा. तेव्हा रुंद टोकाची हवेची पोकळी सोडली तर बहुतेक अंडं काळं दिसतं.

जे दिसेल ते वहीत लिहा, कारण चूक नेमकी कुठे झाली ते त्यावरून कळतं. बरीच अंडी स्वच्छ निघाली, तर कोंबडा म्हातारा असेल, एकट्याच्या वाट्याला कोंबड्या फार असतील किंवा अंडी शिळी असतील. रक्ताची कडी जास्त दिसली, तर अंडी ठेवण्यात हयगय झाली किंवा ऊब कमीजास्त झाली. पुरी वाढ होऊन पिल्लू आतच मेलं, तर शेवटच्या दिवसांतला ओलावा आणि खोक्यातली हवा तपासा.

न फळलेल्या अंड्याला आपल्याकडे सर्रास 'वांझ अंडं' म्हणतात आणि बोल कोंबडीला लागतो. कोंबड्याकडे बघायचं कुणाला सुचत नाही! हा शब्द कोंबडीपुरता राहत नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? निदान आपल्या वहीत तरी 'न फळलेलं' असं लिहूया.

आपल्या पट्ट्यातली खरी अडचण विजेची. इथे दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात ती बहुधा गुरुवारी. एकवीस दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे, म्हणून ज्या वारी अंडी ठेवाल त्याच वारी ती फुटायला येतात. सोमवारी ठेवली तर पाहणीही सोमवारी, अंडी फिरवणं बंद होतं शुक्रवारी आणि पिल्लं निघतात सोमवारी. शेवटच्या नाजूक दिवसांत गुरुवार येतच नाही. मधल्या गुरुवारी वीज गेली तर झाकण उघडू नका. वर गोधडी टाका, हवेची भोकं तेवढी मोकळी ठेवा. तास-दोन तासांच्या गारव्याने सहसा बिघडत नाही. उष्णता चाळीस अंशांवर गेली तर मात्र अंडी हातची जातात. म्हणून यंत्र उन्हात किंवा पत्र्याच्या खोलीत नको.

टरफलाला पहिलं भोक पडल्यावर पिल्लू बाहेर यायला बारा तास, कधी पूर्ण दिवस लागतो. मदत म्हणून टरफल सोलू नका, रक्तस्राव होऊन पिल्लू दगावतं. निघालेलं पिल्लू पोटातल्या बलकावर दोन दिवस तग धरतं, तेव्हा अंग सुकू द्या. नंतर पहिला आठवडा पस्तीस अंशांच्या आसपास ऊब द्या आणि त्याच आठवड्यात मानमोडीची लस द्या. पिल्लं स्वयंपाकघरात ठेवू नका आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवा. नंदुरबारच्या नवापुरात २००६ साली बर्ड फ्लूने काय झालं, ते विसरून चालणार नाही. कोंबड्या अचानक मरायला लागल्या तर लपवू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

आता पुन्हा पैशाकडे. २०१९ साली इस्लामपूरचा कडकनाथ घोटाळा उघडकीला आला. कोंबड्या आमच्याकडून घ्या, अंडी आम्हीच चढ्या भावाने विकत घेऊ, असं सांगून अनेक जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचे पैसे बुडवले गेले. घराघरात कोंबड्या उरल्या, त्यांना खाऊ घालायला पैसा उरला नाही. तेव्हा 'माल आम्ही उचलू' म्हणणाऱ्याला आधी विचारा: लेखी देता का, आज बाजारात हा भाव कोण देतो, आणि तुमच्याकडून यंत्र नेलेल्या दोन बायका मला भेटवाल का? उत्तर टाळलं, तर पैसे पदरातच ठेवा.

बारा अंड्यांचे तीन घाण काढा. तिन्ही वेळा किती ठेवली, किती फळली, किती पिल्लं निघाली, किती जगली, वीज आणि खाद्य धरून खर्च किती झाला, हे वहीत मांडा. अडलं तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ती वही घेऊन जा. पुण्यात खडकीला पशुसंवर्धन खात्याचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रही आहे, तिथे विचारायला लाजू नका. तीन घाणांनंतर आकडे जमले, तरच मोठ्या यंत्राचा विचार करा. आणि ते घ्याल तेव्हा पावती स्वतःच्या नावाने घ्या, पिल्लांचे पैसेही स्वतःच्याच खात्यात जमा करा. जमिनीच्या वेळी जे झालं, ते परसातल्या कोंबड्यांच्या बाबतीत तरी होऊ द्यायचं नाही.