मंद गतीचा दोष कोणाचा?

अमेरिकेतील ‘एओएल’ या कंपनीने ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली ‘डायल-अप’ सेवा, म्हणजे टेलिफोनच्या साध्या तारेवरून इंटरनेट पुरविण्याची सेवा, बंद केली. ती बंद झाली याहून ती इतकी वर्षे चालू होती याचेच आमच्याकडील अनेकांस नवल वाटले. परंतु अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या अंदाजानुसार २०२३ साली त्या संपन्न देशातही सुमारे १ लाख ६३ हजार कुटुंबे केवळ डायल-अपवर विसंबून होती. मंद गतीचा प्रश्न इतिहासजमा झाला असे समजणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. आम्हांस तर तो प्रश्न आपल्या खिशातच आहे असे वाटते. त्याकडे पुढे वळू.

आपल्याकडे विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांस इंटरनेट खुले केले. त्या आरंभकाळी गती सेकंदाला ९.६ किलोबिट, आणि व्यक्तीसाठीच्या पूर्ण स्वरूपाच्या जोडणीचे वार्षिक शुल्क १५ हजार रुपये! ही सुरुवात इतकी अडखळती झाली की निगमाचे तेव्हाचे अध्यक्ष सिंगल यांस चूक जाहीरपणे कबूल करावी लागली. असे कबूल करणारे अधिकारी आपल्याकडे विरळाच, म्हणून त्याची नोंद करावयाची. मुंबईतील ज्या घरांत त्यानंतर मोडेम आले, तेथील मंडळींना त्याचा तो किंचाळल्यासारखा आवाज अद्याप आठवत असेल. त्या दिवसांत दोष हमखास मोडेमला दिला जाई आणि जुना टाकून नवा आणला जाई. गती मात्र तेवढीच राही.

असे का होई? टेलिफोनची तार माणसाच्या बोलण्यासाठी घातलेली. बोलणे समजण्यास सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढा कंपनपट्टा पुरतो, म्हणून टेलिफोन यंत्रणा तेवढाच पुढे जाऊ देते. अशा मर्यादित पट्ट्यातून, त्यातील खरखर जमेस धरून, किती माहिती जाऊ शकेल याचे गणित क्लॉड शॅनन यांनी १९४८ सालीच मांडले होते. पुढे एक्स्चेंजे अंकीय झाली. तेथे आवाजाचे सेकंदाला ८ हजार नमुने घेऊन प्रत्येकी ८ बिटांत नोंदले जातात, म्हणजे एका संभाषणास ६४ किलोबिट. याच व्यवस्थेचा लाभ घेऊन १९९८ साली ५६ किलोबिटांचे मानक ठरले. पण ती गती केवळ ग्राहकाकडे येणाऱ्या माहितीपुरती होती, आणि तीही वाटेत एकच जुन्या पद्धतीचा टप्पा असेल तर. दुसरा टप्पा आड आला की गती ३३.६ वर येई. शिवाय हे बिट आहेत, बाइट नव्हेत. आठाने भागले की ५६ चे ७ होतात, हे खोक्यावरील ठळक आकडा पाहून मोडेम घेणाऱ्यांस दुकानदार क्वचितच सांगत.

मग सुधारणेस वावच नव्हता काय? होता, आणि तो बहुधा अगदी साध्या जागी होता. रिसीव्हर कानास लावून पाहावा. आपल्याला खरखर ऐकू आली तर मोडेमला ती आधीच ऐकू आली आहे असे समजावे. घरातील समांतर फोन, दिवाणखान्यातून शयनगृहापर्यंत ओढलेली लांबलचक तार, जिन्याखालच्या पेटीतील गंजलेले सांधे, पावसाळ्यात पाणी शिरलेली केबल, या सर्वांचा वाटा मोडेमपेक्षा मोठा असे. याहून विलक्षण गोष्ट अशी की, खराब तारेवर मोडेमची कमाल गती मुद्दाम कमी ठेवली असता काम पुष्कळदा लवकर उरके. आम्ही शाळेत श्रुतलेखन घालीत असू तेव्हाचा हाच अनुभव. मागील रस्त्यावर मिरवणूक चालली असता भरभर सांगितले की चारी बाकांवरून ‘गुरुजी, पुन्हा सांगा’ सुरू होई, आणि तास संपला तरी परिच्छेद संपत नसे. सावकाश सांगितला की तोच परिच्छेद वेळेत पुरा होई. मोडेमही चुकलेला मजकूर पुन्हा मागतो. अशा मागण्या कमी झाल्या की काम पुढे सरकते.

आता आपल्या खिशाकडे. ब्रॉडबँड म्हणजे किमान किती गती, याची सरकारी व्याख्या २००४ मध्ये २५६ किलोबिट होती, २०१३ मध्ये ५१२ झाली आणि २०२३ पासून ती २ मेगाबिट आहे. कागदावर ही प्रगती नि:संशय आहे. परंतु कित्येक प्रीपेड मोबाइल योजनांत दिवसाचा डेटा संपला की गती ६४ किलोबिटांवर आणली जाते. जुन्या टेलिफोनवरील एका संभाषणाचा हिस्सा तो नेमका एवढाच! म्हणजे ज्याला मोठी योजना परवडत नाही, तो नागरिक रोज सायंकाळी डायल-अपच्या युगात परततो. मधल्या काळात संकेतपृष्ठे मात्र लठ्ठ होत गेली. आजचे सर्वसाधारण पृष्ठ २ मेगाबाइटांहून जड असते. ते ६४ किलोबिटांच्या वाटेने उतरावयास, सर्व काही सुरळीत असले तरी, चार मिनिटांहून अधिक लागतील. तोवर अर्जाची मुदत संपल्याची सूचना येते, आणि शिष्यवृत्तीसाठी धडपडणारा विद्यार्थी पुन्हा पहिल्या रकान्यापासून आरंभ करतो.

येथे तारेत दोष नाही आणि हँडसेटमध्येही नाही. दोष आहे तो पृष्ठ रचणाराचा आणि त्याकडून ते स्वीकारणाऱ्या कार्यालयाचा. निव्वळ मजकुराचा अर्ज काही थोड्या किलोबाइटांत बसतो. त्याभोवती फिरती चित्रे, मान्यवरांची छायाचित्रे आणि शोभेच्या पट्ट्या कोणासाठी? शिष्यवृत्ती, शिधापत्रिका, सात-बारा, परीक्षांचे निकाल यांची शासकीय संकेतस्थळे ठेकेदाराकडून ताब्यात घेण्यापूर्वी ती ६४ किलोबिटांच्या जोडणीवर चालवून पाहावीत, आणि अर्ज पुरा भरून होईपर्यंत संबंधित अधिकाऱ्याने स्वत: समोर बसावे, अशी अट निविदेतच घालण्यास शासनास कोणती अडचण आहे? तिला खर्च जवळजवळ नाही. भरलेला मजकूर मध्येच तुटल्यास जतन राहील, एवढी दुसरी अट तिला जोडली की पुरे.