सवलत स्वस्त, शिक्षण महाग

दिव्यांग विद्यार्थ्यांच्या शिक्षणासंबंधीचा आपला कायदा कोणत्याही प्रगत देशाच्या कायद्याशेजारी ठेवावा इतका उदार आहे. १९९५ च्या अधिनियमात अपंगत्वाचे केवळ सात प्रकार होते. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते एकवीसवर नेले आणि अध्ययन-अक्षमतेमुळे वाचन-लेखनात अडखळणाऱ्या मुलासही केंद्रीय कायद्याच्या कक्षेत प्रथमच स्थान दिले. ४० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलास परिसरातील शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. मधल्या काळात 'अपंग' हा शब्द जाऊन 'दिव्यांग' आला. शब्द बदलण्यास तिजोरीतून फारसे काही जात नाही, एवढे येथे नमूद करावयास हरकत नाही.

या अधिनियमाचा कोणता भाग अमलात आला, हे पाहू जाता एक विलक्षण संगती आढळते. ज्या तरतुदींस खर्च कमी, त्या रुजल्या. ज्यांस खर्च अधिक, त्या कागदावर राहिल्या. परीक्षेत लेखनिक मिळतो, ताशी किमान २० मिनिटे जादा मिळतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४० टक्क्यांची अट लेखनिकाच्या आड येऊ शकत नाही, असा निर्वाळाही दिला. हे सर्व स्वागतार्हच होय. परंतु दहावीचे वर्ष उजाडताच पालकांनी प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात खेटे घालावेत आणि ज्या मुलास नऊ वर्षे वर्गात काय चालले आहे हेच कळले नाही, त्यास शेवटच्या दिवशी जादा वेळ द्यावा, यास शिक्षण कसे म्हणावे?

खरी निकड विशेष शिक्षकाची आहे. प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक व उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा मुलांमागे एक, असे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये घालून दिले. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणाऱ्या शिक्षकांच्या दृष्टीने तो मोलाचा होता. मात्र एका केंद्रात अनेक गावांच्या शाळा येतात. एकाच शिक्षकाने एका गावी ब्रेल शिकवावी, दुसऱ्या गावी खुणांची भाषा आणि तिसऱ्या गावी मतिमंद मुलास अंकओळख करून द्यावी, ही अपेक्षा कोणत्याही पदवीधराच्या आवाक्याबाहेरची आहे.

याचे मूळ खर्चाच्या वाटणीत आहे. जी शाळा अशा मुलास प्रवेश देते, तिच्यावर उताराचा मार्ग, सोयीचे स्वच्छतागृह, मदतनीस यांचा भार पडतो. जी शाळा 'आमच्याकडे सोय नाही' असे गोड शब्दांत सांगून त्यास परत पाठवते, तिचा पैसा वाचतो. कायदा मोडल्यास पहिल्या खेपेस दंड फार तर १०,००० रुपये. उतार बांधण्यास त्याहून सहज अधिक लागतात. मग हिशेबी संस्थाचालक काय करील, हे सांगण्यास अर्थशास्त्राचा ग्रंथ उघडावा लागत नाही. त्यातच 'अवाजवी बोजा' पडणार नाही इतपतच सोयी देण्याची मुभा अधिनियमाच्या व्याख्येत आहे. वेतनेतर अनुदानाची वाट पाहणाऱ्या खेड्यातील शाळेस प्रत्येकच बोजा अवाजवी वाटतो, आणि त्यात तिचा दोष थोडा आहे.

म्हणून दंड वाढविण्यापूर्वी भार उचलणारा हात बदलला पाहिजे. वेतनेतर अनुदानाच्या सूत्रात दिव्यांग विद्यार्थ्यामागे स्वतंत्र रक्कम असावी, आणि मुलाने शाळा बदलल्यास ती त्याच्यामागोमाग नव्या शाळेत जावी. शाळकरी दिव्यांग मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करण्याचे बंधन अधिनियमाच्या कलम १७ मध्ये आहेच. त्या याद्यांवरून आगामी अर्थसंकल्पातील मागणीचा आकडा काढणे वित्त विभागास कठीण नाही.